लिस्बन शहरीं टॅगस नदी एक घटका हस्तगत जाहली, त्याची हकीकत

श्री. वसई प्रांतींचे समस्त वाचक, थोर मनाचे आणि थंड डोक्याचे, यांचे सेवेशीं बखरकाराची विज्ञापना ऐसी जे: फिरंगियांनीं, म्हणजे पोर्तुगीजांनीं, समुद्रापलीकडून येऊन वसईस किल्ला बांधिला आणि दोनशें वर्षें अंमल केला, हें वर्तमान पोराठोरांस पाठ आहे. परंतु वसईकर उलट फिरंगियांचे राजधानीवर चालून गेले आणि तेथें काय पराक्रम जाहला, हें कोणी लिहून ठेविलें नाहीं. तें यथामति लिहितों. अधिकउणें जाहल्यास बखरकाराचे कान धरावे, फौजेस बोल लावूं नये.

शके १९२६, तारणनाम संवत्सरीं, वैशाखमासीं, म्हणजे सन दोन हजार चारचे मे महिन्यांत, बत्तीस असामींची फौज लिस्बन शहरीं दाखल जाहली. निम्मे लोक एव्हरशाईन सिटीचे फ्लॅटवाले आणि निम्मे नंदाखाल गांवचे बागाइतदार. सरलष्कर राजमान्य राजश्री श्रीरंगपंत, एव्हरशाईन सिटींतील एका सोसायटीचे सेक्रेटरी, पार्किंगच्या तंट्यांपासून लिफ्टच्या दुरुस्तीपर्यंत सर्व कारभार एकहातीं चालविणारे. गळ्यांत शिट्टी आणि हातांत छापील वेळापत्रक. शिट्टी वाजली कीं फौजेनें दोन-दोनांच्या रांगा धराव्या आणि मोजून घ्यावें, ऐसा दंडक विमानतळावरच जारी जाहला.

या फौजेंत नंदाखालचे वॉल्टर मास्तर होते. त्यांनीं चौतीस वर्षें शाळेंत भूगोल शिकविला. टॅगस नदी लिस्बनपाशीं अटलांटिक महासागरास मिळते, हें फळ्यावर खडूनें काढून दाखविलें आणि पोरांकडून घोकून घेतलें आणि चुकला त्याचे हातावर पट्टी दिली, परंतु खासा ती नदी कधीं पाहिली नाहीं. निवृत्त जाहल्यावर मनांत एकच हेत उरला कीं, त्या नदीचे कांठीं एक घटका, म्हणजे घड्याळाचीं चोवीस मिनिटें, स्वस्थ बसावें आणि कोणी उठवूं नये. याहून अधिक मुलूख त्यांनीं मागितला नाहीं. हा हेत त्यांचे कुटुंब अँजेलिनाबाई यांस तेवढा ठाऊक होता.

पहिले दिवशीं नदी चार वाजतां पाहावी ऐसें ठरलें आणि सकाळीं नव वाजतां कूच जाहलें. मग मोजणींत एकतीस भरले, कारण एकाची टोपी खोलींत राहिली. ती आणीतों तों आणखी दोघांस प्रातर्विधीची आठवण जाहली. मग श्रीरंगपंतांचें कुटुंब सुमेधाबाई फ्रीजवर चिकटवायचे चुंबकाचे कोंबडे घेण्यास एका दुकानांत शिरल्या आणि त्यांचेमागें अकरा बायका शिरल्या. मग बागाइतदार प्लासिड हे फळवाल्यापुढें उभे राहिले आणि केळीं हातीं घेऊन, हीं अगदींच कोंवळीं उतरविलीं, हीं वाळवून यांचीं सुकेळीं होणार नाहींत, ऐसा निवाडा देत राहिले, आणि नंदाखालची सर्व तुकडी तो ऐकत राहिली. ऐसी मजल दरमजल करीत फौज नदीपाशीं पोंचली तों पुरता अंधार पडला होता आणि पंतांनीं जेवणाची शिट्टी फुंकिली.

दुसरे दिवशीं नदी सात मिनिटें मिळाली. त्यांतील सहा मिनिटें फोटोंत गेलीं. उंच लोक मागें, बुटके पुढें, बायका मध्यें, ऐसी व्यूहरचना जाहली आणि नदी पाठीमागें यावी म्हणून बत्तीसही असामी तिजकडे पाठ करून उभे राहिले. मास्तर मान वळवूं लागले, तों फोटो हालतो म्हणून पंतांनीं ताकीद केली. त्या रात्रीं मास्तर जेवले नाहींत. अँजेलिनाबाईंनीं पुसलें तेव्हां पोट बरें नाहीं म्हणाले. फार वाईट वाटलें त्यांस.

तिसरा दिवस अखेरचा. वैशाख वद्य पंचमी, रविवार. वेळापत्रकांत नदीस दहा मिनिटें आणि मग राजवाडा. कांठावर उतरतांच पंतांनीं फर्माविलें कीं, राजवाड्यांत सोय नाहीं, सबब सर्वांनीं आधीं समोरचे शौचालयांत जाऊन यावें. शौचालयास लोखंडी दार होतें. एकतीस असामी जाऊन आले, आणि सर्वांचे शेवटीं, सरलष्करास शोभेल ऐसे, पंत आंत गेले. तोंच एक वाजला. तेथील रखवालदारीण जेवणाची वेळ जाहली म्हणून दारास कुलूप घालून निघून गेली.

मग आंतून शिट्टी वाजली. फौजेनें संवयीनें रांगा धरिल्या आणि मोजून घेतलें, एकतीस भरले. पुन्हां शिट्टी, पुन्हां मोजणी, पुन्हां एकतीस. तिसरे खेपेस सुमेधाबाईंचे ध्यानीं आलें कीं उणे असामी खुद्द पंतच आहेत आणि दाराआड आहेत. मग एकच धांवपळ जाहली. पोलिसास गांठून सर्वांनीं टॉयलेट, टॉयलेट ऐसा घोष केला आणि हातवारे केले. त्या भल्या गृहस्थानें निकड ओळखून अदबीनें दुसरें शौचालय दाखविलें. दुसऱ्या एका वाटसरूनें तिसरें दाखविलें. एका हॉटेलवाल्यानें तर प्लासिड यांस हातीं धरून आपले दुकानांत नेलें आणि शौचालयाचें दार उघडून दिलें, आणि प्लासिड यांनीं त्याचें मन मोडवेना म्हणून तें वापरिलें.

वॉल्टर मास्तर या धांवपळींत कांठावरील बांकावर जाऊन बसले होते, ते अर्धे उठले. त्यांस स्मरलें कीं वसईस घरोघर चावी म्हणतात, तो शब्द मुळीं याच लोकांनीं आणून दिला. योग्य माणसापाशीं तो एक शब्द बोलिला तर दार उघडेल. परंतु दार उघडलें म्हणजे शिट्टी बाहेर येईल, आणि शिट्टी बाहेर आली म्हणजे नदी गेली. मास्तरांनीं घड्याळ पाहिलें, आणि पोलीस हुशार दिसतो ऐसें मनाशीं म्हणून पुन्हां बसले.

मग त्यांनीं नदी पाहिली. फळ्यावर ती बोटभर निळी रेघ होती; येथें पाणी इतकें रुंद कीं पलीकडचीं घरें पुसट दिसत, आणि समुद्राकडे कोठें नदी सरते आणि कोठें समुद्र लागतो तें कळेना. वास मात्र अर्नाळ्याच्या किनाऱ्याचाच. मास्तरांचे डोळे भरून आले. अँजेलिनाबाई शेजारीं बसून होत्या.

चोवीस मिनिटें भरतांच मास्तर उठले. कोणापाशीं बोलावें म्हणून चहूंकडे पाहूं लागले, तों अँजेलिनाबाईंनीं हनुवटीनेंच पलीकडचा बांक दाखविला. तेथें एक म्हातारी पाव आणि मासळी खात होती. मास्तर पुढें जाऊन म्हणाले, "बाई, चावी."

"शाव्ह?" ती म्हणाली.

"तीच."

म्हातारीनें हात पुसले आणि पदराखालचा जुडगा काढावा तसा ॲप्रनखालून चाव्यांचा जुडगा काढिला आणि दार उघडून दिलें. पंत बाहेर आले. त्यांनीं मोजणी केली, बत्तीस भरले. राजवाड्याची वेळ टळली होती. बसमध्यें बसून त्यांनीं वेळापत्रकांतील राजवाडा खोडिला.

परतीचे वाटेवर मास्तरांस राहवेना. बायकोचे कानाशीं लागून त्यांनीं कबूल केलें कीं, तो शब्द आपणांस आरंभींच सुचला होता.

"ती बाई कुलूप लावून गेली, ते मी बघितलं होतं," अँजेलिनाबाई म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बघत होता ना. चौतीस वर्षं थांबलात तुम्ही, पंत अर्धा तास थांबले तर काय होतंय."

येणेंप्रमाणें टॅगस नदी एक घटका वसईकरांचे अंमलाखालीं आली. जाया कोणी नाहीं, जखमी कोणी नाहीं. श्रीरंगपंतांनीं सोसायटीचे फलकावर मोहीम वेळेबरहुकूम पार पडली ऐसें लिहिलें, तें त्यांजपाशीं. नंदाखालीं परतल्यावर वॉल्टर मास्तर आणि अँजेलिनाबाई यांनीं देवळांत वेगवेगळें जाऊन कुमसार, म्हणजे पापांची कबुली केली. फादरांनीं बाईंस तीन प्रार्थना सांगितल्या. मास्तरांस प्रायश्चित्त सांगण्याआधीं त्यांनीं जाळीपलीकडून हळूच पुसलें कीं, नदी रुंद किती आहे. आणि मास्तर चोवीस मिनिटें सांगत होते.