गुलाबरावांचं पहिलं मत

आमच्या घरात काहीही नवीन आलं की आमच्याआधी गुलाबरावांचा हात त्यात गेलेला असायचा. मग ते गव्हाचं पोतं असो, सायकल असो की बायकोचं नवं लुगडं असो. वस्तू चिमटीत धरायची, जराशी ओढायची, डोळे मिटायचे आणि मत द्यायचं. शेजारी म्हणून हे मत आम्हाला न मागता मिळे. आमच्या नव्या रेडिओला 'आवाज मोठा, अक्कल लहान' असं मत मिळालं होतं. माझ्या मेहुण्याला 'धागा आखूड' हे मिळालं, आणि तो बिचारा अजूनही अकोल्याला यायचं म्हटलं की काहीतरी कारण सांगतो.

यात त्यांचा तरी काय दोष म्हणा. गुलाबराव एका कापसाच्या व्यापाऱ्याकडं पारखी होते. सकाळी बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. गुलाबराव गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचे, मूठभर कापूस काढायचे, बोटांनी तंतू ताणायचे आणि भाव बोलायचे. एकदा बोलले की बोलले. मग खालून माल ओला निघो की किडका, भाव तोच. बाजारात त्यांच्या शब्दाला जे वजन होतं ते यामुळंच. "आज भाव फिरवला बाबू, तं उद्या आपल्यापाशी गाडी कोन उभी करन?" असं ते मला विचारायचे. मी पोस्टातला कारकून, मी काय उत्तर देणार. बाजारापुरतं ते ठीकच होतं, पण हा गृहस्थ तोच हात घेऊन सगळ्या जगात फिरायचा.

"आपलं पह्यलं मत फिरत नाई," हे ते चहा मागावा इतक्या सहज म्हणायचे.

त्याच हातानं त्यांनी जावयालाही पारखलं होतं. कुसुम ही त्यांची एकुलती एक लेक. तिच्या मामानं अमरावतीचं स्थळ आणलं, आणि गुलाबराव मुलगा पाहायला गेले. मुलगा शाळेत कवायतीचा मास्तर. हे पोचले तेव्हा तो अंगणात गल्लीतल्या पोरांबरोबर गोट्या खेळत होता, एक गुडघा जमिनीला टेकून, नेम धरून. गुलाबराव ओट्यावरसुद्धा चढले नाहीत. "ओला माल," एवढं बोलून जे फिरले ते थेट स्टेशनवर.

मामांनी आणि गुलाबरावांच्या बायकोनं, गंगावहिनींनी, लग्न लावलंच. गुलाबरावांनी अक्षता टाकल्या, जेवले, पण जावयाशी अक्षर बोलले नाहीत. आणि तिथं सगळं अडलं. आमच्याकडं लेक माहेरी आणायची तर बापानं नाही तर भावानं जावं लागतं. जावयाच्या ओट्यावर बसायचं, पाणी प्यायचं आणि 'न्यायला आलो' म्हणायचं. कुसुमला भाऊ नव्हता. बाप जाईना. मामा न्यायला गेले तर तिनं साफ सांगितलं, बाबा आले तरच येईन. तीही त्यांचीच लेक. दिवाळ्या येत होत्या आणि जात होत्या. गंगावहिनी अनारसे करून डबा मामांच्या हाती पाठवायच्या आणि मग दोन दिवस कुणाशी धड बोलायच्या नाहीत.

तर अशा घराच्या शेजारी मी बॅगाटेल आणलं.

ही वस्तू तेव्हा अकोल्यात अगदी नवीन होती. लाकडाचा उतरता पाट, त्यावर पितळी खिळ्यांची कुंपणं आणि कुंपणांत आकडे लिहिलेली घरं. कडेला स्प्रिंगचा दांडा. दांडा ओढून सोडला की लोखंडी गोळी सुसाट वर जायची आणि खिळ्यांवर टकटक आपटत खाली यायची. मोठ्या आकड्याच्या घरात पडली तर आपण राजे, तळाला गेली तर पुन्हा ओढा दांडा. दुकानदार म्हणाला, सध्या मुंबईत घरोघरी हेच चालू आहे. बायको म्हणाली, मुंबईत घरोघरी नळही आहेत. तरी मी आणलं.

गुलाबराव आलेच. त्यांनी पाट हुंगला. एक खिळा नखानं हलवून पाहिला. गोळी तळहातावर तोलली. मग दांडा असा ओढला की उपटून येतो की काय असं मला वाटलं. गोळी गरकन फिरली आणि सरळ तळाला गेली.

"लाकूड बरं हाये. खेळ भिकार हाये."

"अहो, एकदाच तर खेळलात."

"गाडीत हात एकदाच घालाचा असते, बाबू."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. तिसऱ्या दिवसापासून तर बाजारातून थेट आमच्याकडंच, टोपीवर कापूस तसाच. "मत तेच हाये," असं दारातूनच जाहीर करायचे आणि पाटापुढं बसायचे. जोर लावला की गोळी वाया जाते, दांडा हळू सोडावा लागतो, हे त्यांना कळलं होतं. "ये माय, इकडं ये, तिकडं कुठी चालली," अशी त्या गोळीची मनधरणी चालायची. ती मोठ्या घरात पडली की आधी इकडंतिकडं पाहून घ्यायचे आणि मग हसायचे. माझी पाळी काही येत नसे. मी कुरकुर केली तर म्हणाले, "मी काही खेळून नाई राह्यलो. भिकार हाये त्याची खातरी करून राह्यलो." अशी खातरी मी जन्मात पाहिली नव्हती.

एका संध्याकाळी गंगावहिनी त्यांना जेवायला बोलवायला आल्या आणि दारातच थबकल्या. गुलाबराव पाटावर वाकलेले, एक गुडघा जमिनीला टेकलेला, जीभ दातात धरलेली.  मग वहिनी हळूच म्हणाल्या, "जवाईबापूबी असेच बसले होते म्हने, त्या दिवशी."

गुलाबरावांचा हात दांड्यावरच राहिला. ते उठले, गुडघा झटकला आणि घरी गेले.

त्यानंतर ते फिरकले नाहीत. मला माझा खेळ परत मिळाला, पण खरं सांगतो, एकट्यानं खेळायला करमेना. मग एका रविवारी सकाळी ते धुतलेलं धोतर, कोट, टोपी अशा थाटात दारात उभे.

"बाबू, तुहा हा खेळ चांगला हाये."

मी पाट पुढं ओढला, पण ते आत आले नाहीत.

"पारख चुकली माही. चारचौघात सांगशील तरी चालते," ते म्हणाले, आणि मग आवाज उतरला. "असाच एक पाट मी घेतला. तू अमरावतीले चाल संगं. एकट्याच्यानं माह्यं तोंड उघडनार नाई."

गाडीत पाट त्यांनी मांडीवर घेतला होता. मूर्तिजापूरपर्यंत तोंडातल्या तोंडात घोकणं चाललं होतं. "जवाईबापू, माह्यं चुकलं. एवढं पुरते का आनखी काही लागते?" मी म्हटलं, पुरतं. बडनेऱ्याला गाडी बदलायला उतरलो तर ते पलीकडच्या फलाटाकडं वळले. "अकोल्याची गाडी त्या बाजूनं लागते, पाऊन घंट्यानं," ते म्हणाले. मी त्यांच्या कोटाची बाही धरली आणि अमरावतीच्या डब्यात बसवलं.

दार जावयानंच उघडलं. तो गोंधळला, मग वाकून पाया पडला. गुलाबरावांचं घोकलेलं सगळं वाहून गेलं. त्यांनी पाट पुढं केला. "हे नवीन निंगालं. पाहा."

बिचाऱ्यानं पाट ओट्यावरच मांडला, दांडा धरला आणि कवायतीच्या मास्तराला शोभेल असा ओढला. गोळी तळाला गेली.

"असं नाई, असं नाई, जवाईबापू," म्हणत गुलाबराव ओट्यावर बसलेसुद्धा. जावयाच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला. "हळू सोडा. मीबी पह्यले असाच चुकलो." आणि तो हात त्यांनी काढलाच नाही. गोळी कुठं पडली ते दोघांपैकी कुणी पाहिलं नाही.

कुसुम पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. कधीची, कुणास ठाऊक. गुलाबरावांनी तांब्या घेतला, घटाघटा पाणी प्यायले, आणि जावयाकडं पाहत म्हणाले, "हिले न्याले आलो. तुमीबी चाला."

कुसुम उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. "किती दिवाळ्या वाट पाह्यली, बाबा."

"दर दिवाळीले निंगत होतो, माय," गुलाबराव म्हणाले. "बडनेऱ्याहून वापस जात होतो."