वानखडे सर, थोडं मागंपुढं

वानखडे सरांशी मी खोटं बोललो, आणि तेही दशांश चिन्हानंतरच्या आकड्यात. हे आजवर घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

सर अमरावतीला आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. मी त्याच विभागात, त्यांना कनिष्ठ. नुसता आकडा त्यांना सहन होत नसे. पोरीच्या स्थळाला उंची सांगितली ती "पाच फूट दोन, अर्धा इंच मागंपुढं." सोयरीक मोडता मोडता राहिली. सरांच्या बायकोनं, काकूंनी, कपाळाला हात लावला. "पोरगी हाये का कापूस? वली-सुकी वजनात वेगळी भराले?"

"मंग काय टेपाची चूक लपवू?" सर म्हणाले.

प्रॅक्टिकलला ते बुरेटच्या रेषा आखलेल्या काचनळीपुढे गुडघे टेकत, डोळा द्रावणाच्या पातळीत आणत आणि मगच रीडिंग घेत. एखाद्याची तिन्ही रीडिंगं तंतोतंत सारखी आली, की म्हणत, "अबे, मोजले का घरून आणले? जराशी चूक दिसू दे. चुकीवरूनच समजते, मोजणारा कसा हाये तं."

निवृत्तीच्या वर्षी बुरेटच्या रेषा त्यांना दिसेनात. "चष्मा जुना झाला. तू वाच बाप्पा."

मी वाचलं आणि चरकलो. गुलाबी छटा येताच तोटी बंद करायची असते; द्रावण गुलाबी होऊन गेलं तरी सरांची तोटी चालूच होती. कधी दहा पॉइंट सहा, कधी दहा पॉइंट नऊ. यायला हवं होतं तेच मी म्हणालो, "दहा पॉइंट दोन." मग "दहा पॉइंट तीन." पुन्हा "दोन." तिन्ही सारखी सांगितली असती तर त्यांनी मला तिथंच पकडलं असतं. वाटलं, थोडेच महिने उरलेत, मानानं जाऊ द्यावं.

"पाह्यलं?" सर खूश झाले. "रंग बरोबर दिसते मले. डोये ठीक हायेत." काकू डॉक्टरकडे चला म्हणाल्या, की ते त्यांना ही रीडिंगं ऐकवत.

काचबिंदू निघाला तेव्हा फार उशीर झाला होता.

आता सर अकोल्याला मुलीकडे असतात. मागच्या भेटीत त्यांनी माझा हात चाचपून धरला. "डोये जाऊन राह्यले होते, तं रीडिंगात दिसाले पायजे होतं. कावून नाई दिसलं? मायी पद्धतच चुकली का? तुले काय वाटते?" दिवसभर हेच शोधत बसतात, मुलगी म्हणाली. मी चहा संपवला आणि निघालो.

येत्या रविवारी पुन्हा जातो आहे. त्यांची पद्धत बरोबर होती, आकडे मी खोटे सांगितले. एवढं त्यांना सांगणं माझ्याकडे बाकी आहे.