तीळ कुठे गेला?

"मनातलं काढू नकोस रे, समोर बघून काढ! डोळे कशाला दिलेत?" शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांचा हा आवाज चष्मेवाल्याच्या कानात उतारवयातही ताजा होता. त्या आवाजामागून पाठीत बसलेला धपाटाही. जन्मभर त्यानं लोकांना खालची ओळ वाचायला लावलं, आणि दुकान भाचीच्या हाती देऊन आता कुठे पेन्सिल धरली होती.

आधी कप काढला, मग बूट, मग स्वतःचाच डावा हात. हळूहळू हात बसला. कप कपासारखा दिसू लागला, बूट तर नको इतका बुटासारखा. तो रविवारी चित्रकला शिकायला जाई, त्या वर्गाचं प्रदर्शन ठरलं. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "प्रत्येकानं घरच्या माणसाचं एक पूर्ण चित्र आणायचं."

बायकोनं हे ऐकलं आणि केस विंचरून, ठेवणीतली कानातली घालून ती खिडकीपाशी येऊन बसली. आजवर तिचं कुणी काही काढलं नव्हतं. काढली होती ती फक्त खोडी.

चष्मेवाल्यानं पाकिटातून लग्न ठरताना आलेला तिचा फोटो काढला आणि बोर्डाला चिमट्यानं लावला.

"मी बसलेय की समोर!"

"तू हलतेस. फोटो हलत नाही."

"मी श्वास घेतेय हो."

"तेच म्हणतोय मी."

तर डावीकडे फोटो आणि उजवीकडे, पडताळणीला, बायको. इथंच घोडं अडलं. चित्र फोटोशी जुळे, पण बायको चित्राशी जुळेना.

"हनुवटी आत घे."

"आत म्हणजे कुठे? एवढीच आहे ती."

"पूर्वी अशी नव्हती. आणि नाक का फुगवलंयस?"

"ते माझं नाक आहे."

त्यानं तिचा भांग बदलला, मान वळवली, दिवा हलवला. शेवटी पेन्सिल कानावर खोचून तो पुढे वाकला. "आणि गालावरचा तीळ कुठे गेला?"

बायकोनं नजर खिडकीबाहेर वळवली. "गेला असेल."

"तीळ असा जातो होय?"

"माणसं जातात, तिळाचं काय घेऊन बसलात!"

चष्मेवाला कलावंत झाला होता, तो कसला ऐकतो! त्यानं मऊ पेन्सिलीनं तिच्या गालावर ठसठशीत तीळ काढला आणि लांबून पाहिलं. "बघ, आता कशी तुझ्यासारखी दिसतेस!"

रोज बैठकीआधी तो तीळ काढी, आणि रात्री ती धुऊन टाकी. धुताना स्वतःशीच गुणगुणे:

जगाला डोळे देतो, माझा गं चष्मेवाला
उंबऱ्यातली बाई, दिसेना गं त्याला

प्रदर्शनात चित्राचं फार कौतुक झालं. "जिवंत आहे हो, आता बोलेल!" लोक म्हणत होते. बाईंनीही वाकून पाहिलं, मग शेजारी उभ्या बायकोकडे वळून प्रेमानं विचारलं, "आणि तुम्ही यांच्या कोण?"

बायकोनं उत्तर द्यायच्या आत दारातून काठी टेकत तिची थोरली बहीण आली. परगावी असे, क्वचितच येई. चष्मेवाल्यानंच तिला हौसेनं बोलावलं होतं. चित्रासमोर ती थबकली.

"अगं बाई! भाऊजी, माझं चित्र? हा तर हुबेहूब माझा कॉलेजातला फोटो! कुठून मिळाला तुम्हाला?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी तिला चित्राशेजारी उभं केलं. तेच नाक, तीच हनुवटी, आणि सुरकुतलेल्या गालावर, अगदी जागच्या जागी, तीळ.

चष्मेवाल्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नंबर बरोबर होता. मग त्यानं बायकोकडे पाहिलं. सकाळी शेवटच्या पडताळणीला काढलेला तीळ तिच्या गालावर घामानं ओघळला होता.

"फोटो... ताईंचा होता?"

तिनं अंगठ्यानं गाल पुसला.

"माझा बरा आला नव्हता, म्हणून बाबांनी ताईचा पाठवला. मी रडले होते. म्हटलं, त्यांचा चष्म्यांचा धंदा आहे, पहिल्याच दिवशी ओळखतील. तर बाबा म्हणाले, 'खुळे, लग्नानंतर बायकोकडे बघतंय कोण!'" तिनं काळा अंगठा पदराला पुसला. "बाबा खोटे ठरावेत म्हणून इतकी वर्षं थांबले होते हो."