हनुवटीने दाखविलेल्या जनावरांची बखर

श्री डोंगराई समर्थ. जिच्या कृपेने पाण्यात मासा आणि रानात जनावर सुखे नांदते, तिला दंडवत घालोन ही हकीकत लिहिली. शके १९४५ शोभन नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, दात वाजतील ऐशी थंडी पडली असता, घाटमाथ्यावरील एका राज्यात, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, द्वारकाबाईसाहेब डोहाच्या काठी बसोन गळाला गांडूळ लावीत होत्या आणि आपल्याशीच पुटपुटत होत्या की, "राज्य ह्यांचं, गळ ह्यांचा, हौस ह्यांची. किडे तेवढे माझ्या वाट्याला." हे बोलणे शेजारी बसले खासे तुळाजीराव महाराज यांनी ऐकिले आणि न ऐकिलेसे केले. कान त्यांचे फार तिखट. डोळ्यांची गोष्ट निराळी, आणि ती त्या राज्यात कोणी काढीत नसे.

महाराजांस दोन वर्षांपासोन धुके दिसत होते. ते प्रथम समोरच्या डोंगरावर होते, मग अंगणात आले, आणि मग जेवणाच्या ताटात उतरले, तरी महाराज म्हणत की, "यंदा धुकं फार." गेल्या श्रावणात पायवाट समजोन कड्याच्या कडेवर पाऊल टाकते जाहले, तेव्हा बाईसाहेबांनी सदऱ्याचे टोक धरोन मागे ओढिले म्हणोन राज्य वाचले, त्यावर महाराज इतकेच बोलिले की, "सदरा फाटला की." मोतीबिंदू हा शब्द निघाला की स्वारी शाल पांघरोन भिंतीकडे तोंड करोन निजे. मग बाईसाहेबांनी मनाशी मसलत केली आणि महाराजांचे लहानपणचे मित्र विश्रामपंत, जे शहरी नामांकित नेत्रवैद्य, त्यांस गुप्त पत्र धाडिले की, भावजी, मासे धरावयास आणि जनावरे पाहावयास म्हणोन चार दिवस यावे, आणि आल्यासारखे यांचे डोळे पाहोन दोन शब्द सांगावे, पुढल्या श्रावणी सदरा हाती येईलच ऐसे नाही. मग पंत सहकुटुंब मोटारीने दाखल जाहले, संगे दोन दुर्बिणी आणि पत्नी कुमुदिनीबाईंनी केलेले डिंकाचे लाडू.

त्या राज्याचा रिवाज ऐसा की, जनावराकडे बोट करू नये, बोट केलिया ते बुजते, हनुवटीने दाखवावे. आणि हनुवटी ही ऐशी चीज की तिने दाखवू गेल्यास अर्धा डोंगर दाखविला जातो. पहिले दिवशी महाराजांनी हनुवटी उचलिली आणि हळूच बोलिले, "अस्वल!" पंतांनी दुर्बीण लाविली. समोर काळा दगड होता, त्यावर शेवाळ होते. पंतांनी दुर्बीण काढिली, मित्राचे फुललेले तोंड पाहिले आणि म्हणाले, "वा! नर दिसतो." कुमुदिनीबाई मायाळू, त्या म्हणाल्या, "पाठ खाजवतंय बघा!" दुसरे दिवशी अस्वल तेथेच होते. महाराज म्हणाले, "जागा सोडत नाही. आळशी आहे." पंत म्हणाले, "थंडीत होतं असं." बाईसाहेबांनी पंतांकडे ऐसे पाहिले की दुसरा कोणी असता तर दुर्बीण टाकोन मोटारीत जाऊन बसता.

मासेमारीची तऱ्हा आणिक निराळी. गळाच्या दोऱ्यास बांधलेले मोरपीस बुडाले की बाईसाहेबांनी खोकावे आणि महाराजांनी काठी वर ओढावी, ऐसा उभयतांचा गुप्त करार होता, आणि त्यावर दोन वर्षे राज्य चालले होते. कुमुदिनीबाईंस ते काय ठाऊक! त्या म्हणाल्या, "ताई, खोकला बरा नव्हे, अडुळसा घ्या." तिसरे दिवशी डोहाकाठी मांडलेल्या चुलीवर मिरच्या भाजत होत्या, त्याचा धूर बाईसाहेबांच्या नाकात गेला आणि त्यांस खराच खोकला आला. मग महाराजांनी सर्व बळ एकवटोन काठी ऐशी ओढिली की गळ पाण्यातून उडाला आणि मागे उभे पंत यांच्या कानटोपीत रुतला, आणि टोपी हवेतून येऊन महाराजांचे मांडीवर पडली. महाराज ओरडले, "खडस मासा! मोठा आहे!" आणि टोपी चाचपू लागले, आणि चाचपता चाचपता त्यांचे हात थांबले. पंत डोकीवर हात ठेवोन म्हणाले, "उत्तम मासा. जरा लोकरी जातीचा." मग सर्व हसले, महाराज सर्वांहून मोठ्याने हसले, आणि त्या दिवशी पुनः गळ टाकिला नाही.

सांजवेळी बाईसाहेबांनी पंतांस परसात गाठिले आणि विचारिले, "भावजी, तुम्हांला लाडू खायला बोलावलं होतं का मी? उद्या तुम्ही निघणार. मग मी ह्यांना किती दिवस खोकून जगवू?" पंत खाली पाहोन म्हणाले, "वहिनी, शाळेत मला फळा दिसत नसे. घरी सांगितलं तर चष्मा लावतील आणि पोरं चिडवतील म्हणून मी गप्प. हा शेजारी बसून चार वर्षं मला फळा वाचून दाखवायचा, हळू आवाजात, कुणाला कळू न देता. त्याला मी कोणत्या तोंडानं सांगू, की तुला दिसत नाही?" यावर बाईसाहेबांनी पंतांच्या टोपीचे भोक शिवोन दिले.

चौथे दिवशी सकाळी सर्व निरोपाचे म्हणोन डोहावर गेले, आणि पलीकडील काठी झाडी हलली, आणि खरोखरीचा गवा बाहेर आला. खांदा छपरास लागेल एवढा, पायात पांढरे मोजे घातलेसे, आणि अंगातून वाफ निघत होती. बाईसाहेबांचा जन्म त्या डोंगरात गेला, परंतु ऐसा गवा पाहिला नव्हता. आणि मग ऐसे जाहले की दगडाच्या अस्वलाची तीन दिवस तारीफ करणारे मुखांतून एक अक्षर निघेना. पंतांची हनुवटी वर गेली आणि खाली आली. कुमुदिनीबाईंनी पदर तोंडाशी धरिला. बाईसाहेबांस खोकणे होईना.

महाराजांनी कान टवकारिले आणि विचारिले, "पाणी कोण पितंय?" कोणी बोलेना. महाराज हळू हसोन म्हणाले, "अस्वलाच्या वेळी केवढी बडबड होती तुमची. आज सगळे गप्प. म्हणजे खरंच काहीतरी आलंय."

तात्पर्य, चार दिवसांचे मोहिमेत मासा एकही आला नाही, टोपी तेवढी आली, अस्वल आजही जागा सोडीत नाही, आणि गवा पोट भरोन पाणी पिऊन जाईतो महाराजांनी हात पुढे करोन पंतांची बाही चाचपीत धरिली आणि, बाईसाहेब ऐकत असता, शाळेतल्या त्या हळू आवाजात बोलिले, "विश्राम, मला दिसत नाही रे. आज फळा तू वाच."