अकरा घोडे गेले कुठे?

मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. एखाद्या ओळीत काना सुटला असेल तर तो मला पान उलटण्याआधीच दिसतो. त्यामुळे गॅरेजवाल्यानं आमच्या गाडीबद्दल जे सांगितलं, ते मी मुळीच मान्य करणार नव्हतो.

गाडी आमची म्हणजे खरं तर सासरेबुवांची. त्यांनी तीस वर्षं बस चालवली, दुसऱ्यांची. त्या नोकरीत पै-पै साठवून स्वतःची म्हणून घेतलेली ही एवढीच, आणि तिलाही आता तीस वर्षं होत आली. सासू-सासरे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. गाडी त्यांच्या खिडकीसमोर उभी असते, म्हणजे झोपेतसुद्धा एक डोळा तिच्यावर.

हल्ली ती पुलाचा चढ चढताना दमेकऱ्यासारखी धापा टाकायची. पुलाशेजारच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, कान लावला, बॉनेट मिटलं आणि म्हणाला, "इंजिन थकलंय, काका. कंपनीनं बेचाळीस घोडे दिले होते. आता तीसेक उरले असतील. गिऱ्हाईक मिळतंय तोवर काढून टाका."

एक गिऱ्हाईक त्यानंच पाहून ठेवलं होतं, जुन्या गाड्या तोडून पत्रा विकणारं.

त्या दिवशी सासरेबुवा जेवले नाहीत. सासूबाईंनी मला वर येऊन हळूच सांगितलं आणि जाता जाता विचारलं, "जावईबापू, पण बाकीचे घोडे गेले कुठे?" बायकोचं मत पडलं की बाबांचा जीव अडकलाय हे खरं, पण चढावर मधेच बंद पडली तर आपलाही अडकेल, तेव्हा विकलेली बरी. ती दवाखान्यात औषधं देते. तिला भावना कळतात, पण मोजून.

तेव्हा मी छाती पुढे काढून जाहीर केलं, "कान लावून घोडे मोजता येत नाहीत. मी घरच्या घरी यंत्रानं मोजून दाखवतो. चाळीसच्या वर आले तर गाडी राहील. कबूल?"

बायकोनं कबूल केलं. आता यंत्र शोधायचं राहिलं होतं!

पहिलं यंत्र सापडलं ते फार नामी होतं. गाडी त्याच्या फिरत्या रोलरांवर चढवायची आणि चाकं जागच्या जागी फिरवायची. पण ते ठेवायला आमची दोन्ही घरं आणि जिना पाडावा लागला असता. दुसरं काडेपेटीएवढं आणि स्वस्त. ते गाडीतल्या एका खाचेत खुपसायचं, की सगळे आकडे मोबाइलवर. ती खाच शोधत मी स्टिअरिंगखाली अर्धा तास उताणा पडलो होतो, तोंडात टॉर्च धरून. सासरेबुवा बाजूला उभे राहून पाहत होते. शेवटी त्यांनाच कीव आली. म्हणाले, "ही गाडी निघाली तेव्हा तसली खाच जन्मालाच आली नव्हती."

तिसऱ्यावर मी स्थिरावलो. साबणाच्या वडीएवढी डबी, मागे काचेला चिकटवायची रबराची वाटी. गाडी उभ्यापासून साठच्या वेगापर्यंत न्यायची. तेवढं वजन किती झटपट पळालं यावरून डबी हॉर्सपॉवर काढते. दुकानदारानं देताना एकच बजावलं. गाडीचं आणि आत बसलेल्यांचं एकूण वजन बरोबर भरा, बाकीचं तिच्यावर सोडा.

रविवारी सकाळी आम्ही गोदामांमागच्या रस्त्यावर गेलो. सरळ, सपाट आणि सुट्टीच्या दिवशी रिकामा. खरं तर दोघं पुरे होती. पण क्लच माझ्या हाती द्यायला सासरेबुवा तयार नव्हते, रबराची वाटी काचेला चिकटेना म्हणून डबी धरायला मी हवा होतो, बायको पंच होती, आणि सासूबाई म्हणाल्या की गाडीचा रिपोर्ट येणार असताना मी घरी बसून काय करू?

पुस्तकात गाडीचं वजन होतं साडेसहाशे किलो. मग मी माणसांची वजनं विचारली.

"पंचावन्न," बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली.

सासूबाईंनी पन्नास लिहायला सांगितलं, बेरजेला सोपं पडतं म्हणून. सासरेबुवांनी बासष्ट सांगितलं, नोकरीतल्या शेवटच्या तपासणीत भरलेलं. माझं मी साठ टाकलं. ते कधीचं होतं हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. एकूण झालं आठशे सत्याहत्तर.

सासरेबुवांनी गाडी अशी काही सोडली की माझी मान मागच्या मागे राहिली. इंजिन जीव तोडून ओरडलं, काटा साठवर गेला, डबी टुंई वाजली. मी आकडा पाहिला. परत पाहिला. डबी पुसून पाहिला.

एकतीस.

 सासरेबुवांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले, बॉनेटवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले. मग खिडकीशी येऊन मला म्हणाले, "त्या माणसाला उद्या फोन करून टाका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गॅरेजवाल्याचा अंदाज निदान अंदाज तरी होता. मी तो पुराव्यानिशी सिद्ध करून ठेवला होता!

बायको मात्र डबीकडे टक लावून बघत होती. थोड्या वेळानं ती अगदी हळू म्हणाली, "दवाखान्यात आम्ही औषध वजनावर देतो. वजन कमी सांगितलं की डोस कमी पडतो." मग आणखी हळू, "माझं पंचावन्न नाहीये."

आता कबुलीजबाबांची रांग लागेल असं मला वाटलं होतं. पण मागच्या सीटवर सासूबाईंना एकाएकी डुलकी लागली होती.

रस्त्याच्या टोकाला ट्रकांचा वजनकाटा होता. आम्ही गाडी त्या लोखंडी फळीवर चढवली. काटेवाला काचेच्या खोलीत बसून भोंग्यावर बोलायचा, कारण लांब उभ्या ट्रकवाल्यांना आकडा ऐकू जायला हवा. दहाबारा ट्रकवाले कडेला चहा पीत बसले होते.

"अकराशे पन्नास," भोंगा म्हणाला. "माल काय आहे?"

"माल नाही, माणसं आहेत," सासरेबुवा ओरडले.

काटेवाल्याला हे पटलं नाही. त्यानं एकेकाला उतरायला सांगितलं. आधी बायको उतरली. "सत्तर किलो उतरले," भोंग्यानं गावभर केलं. मी काचेपाशी जाऊन त्याला जरा हळू बोलण्याची विनंती केली. त्यानं मलाही उतरलेला धरलं आणि सांगून टाकलं, "नव्वद उतरले!" एका ट्रकवाल्यानं चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे आदरानं पाहिलं. बायकोनंही पाहिलं, पण त्यात आदर नव्हता. साठ आणि नव्वद यांतला फरक तिला तोंडी येतो.

सासरेबुवा सत्तर भरले. राहिल्या सासूबाई. त्या गाडीचा दरवाजा आतून धरून बसल्या होत्या. "मला गाडीतच धरा," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं बसतेय, मी वेगळी कुठे आहे?"

शेवटी भोंगा बंद करायच्या अटीवर त्या उतरल्या. काटेवाला सज्जन होता, त्यानं शब्द पाळला. पण बाहेर खांबावर लाल दिव्यांची मोठी पाटी आहे, हे त्याच्याही लक्षात राहिलं नाही. पाटीवर आठशे चाळीस उमटलं. ट्रकवाल्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि चहात तोंड घातलं. सासूबाई म्हणाल्या, काटा बिघडलाय.

पण आता मला भलतंच खटकायला लागलं होतं. सगळी माणसं खाली होती, आणि साडेसहाशेची गाडी आठशे चाळीस भरत होती. मग एकशे नव्वद किलोचं आत कोण बसलंय?

आम्ही तिघं एकदम सासरेबुवांकडे वळलो. डिकीची चावी त्यांच्या कमरेला असते, ती ते कुणाला देत नाहीत. त्यांनी ती नाइलाजानं काढली. डिकीत दोन जादा टायर होते, पाण्याचे दोन मोठे कॅन, एक मेलेली बॅटरी, हत्यारांची पेटी, साखळदंड, बस उचलायचा जॅक, आणि सगळ्यांच्या तळाशी गोणपाटात गुंडाळलेला एक गिअरबॉक्स.

"बाबा, हा कशाला?" बायकोनं विचारलं.

"जुना आहे. बदलला तेव्हाचा."

"मग टाकून का नाही दिलात?"

"तेवीस वर्षं चालला गं तो," सासरेबुवा म्हणाले. "असा कसा टाकायचा?"

 बायकोनं नुसतं गोणपाट पुन्हा नीट लपेटलं.

थकलं कुणीच नव्हतं. त्या बिचाऱ्या इंजिनावर आम्ही चौघं आणि वर एक बस-डेपो लादला होता! आम्ही परत त्या रस्त्यावर गेलो. मी डबीत खरेखुरे अकराशे पन्नास भरले. या खेपेला सासूबाईंनी देवाचं नाव घेतलं आणि सासरेबुवांनी दुसरा गिअर असा टाकला, जणू खाली तीस वर्षांपूर्वीचाच रस्ता होता. डबी वाजली.

एकेचाळीस.

मी आकडा मोठ्यानं वाचला. सासरेबुवांनी तो मला तीनदा वाचायला लावला. मग ते स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लागले आणि त्यांचं पाहून आम्हीही. एवढ्या वर्षांत गेला तो एक घोडा. सासूबाई म्हणाल्या, तो बिचारा म्हातारा होऊन गेला असेल, त्याचं काही मनाला लावून घ्यायचं नाही.

घरी आल्यावर डिकी रिकामी केली. दुसऱ्या दिवशी गाडी पुलाचा चढ अशी चढली की गॅरेजवाला हातातला पाना तसाच धरून बघत राहिला. सासरेबुवांनी त्याच्यासमोर मुद्दाम हॉर्न वाजवला. त्या रात्री ते दोनदा वाढून घेऊन जेवले.

मी जिंकलो, असं मला साधारण एक दिवस वाटत होतं. मग बायकोनं वजनकाट्याची पावती भिंतीवर चिकटवली आणि शेजारी नवा नियम लिहिला. रोज सकाळी चौघांनी तासभर चालायचं, आणि कोपऱ्यावर कुठेही जायचं तर पायीच. तेव्हापासून गाडी कव्हर घालून उभी असते आणि आम्ही एका रांगेत बाजारातून पिशव्या उचलून आणतो.

काल जिन्यात शेजारचे काका भेटले. माझ्या घामाकडे आणि हातातल्या पिशव्यांकडे पाहून त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि फार आपुलकीनं विचारलं, "शेवटी गाडी विकावी लागली वाटतं?"