आंब्याखालची परात

नानांच्या घरी स्वयंपाकाला लागले, त्या पहिल्याच सकाळी परात सापडेना. त्यांच्या बायकोला, माईंना विचारलं, तर त्या पडद्याआडून म्हणाल्या, "आंब्याखाली असंल. पाखराला उजेड द्यायला नेली असंल."

मी परभणीकडची. शाळा सातवीत सुटली. नवरा चाकणच्या कंपनीत, आणि मोशीत आमच्या ओळखीचं कुणीच नव्हतं. नानांनी मागच्या अंगणातली खोली दिली, वर हे काम दिलं. अशा माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का, हा प्रश्न मला परवडणारा नव्हता. मी गुपचूप आंब्याखाली गेले. नाना मातीत पालथे, डोळ्याला कॅमेरा, आणि परात दोन विटांच्या आधारानं तिरकी उभी. बाहेरचं ऊन तिच्यावर पडून आत सावलीतल्या फांदीवर जात होतं. "सुनीताबाई, आज पोळ्या नगं, भाकरी करा," ते न हलता म्हणाले. भाकरीलाही परात लागते. त्या दिवशी मी ती ताटात थापली.

नाना मूळचे इथलेच. शेत गेलं, त्यावर सोसायट्या उभ्या राहिल्या. उरलं ते घर, हा आंबा आणि मागचं बांबूचं बेट. नोकरी सगळी वेल्डिंगमध्ये झाली. आता त्यांना एकच पाखरू हवं होतं, नाचण. चिमणीएवढी, काळपट, पांढऱ्या भुवईची. शेपटीचा पंखा उघडून सारखी नाचते, आणि राहते नेमकी गडद सावलीत. फोटो काळा यायचा. सेटिंग वाढवून उजळ केला, तर वर रवा सांडल्यासारखा दिसायचा. नाना मला दाखवायचे आणि म्हणायचे, "डोळा बगा. मेलेला हाय." जिवंत डोळ्यात उजेडाचा एक ठिपका असतो. तो आला तर फोटो, नाहीतर कचरा.

शेजारच्या सोसायटीतल्या एका साहेबांनी आपण होऊन फ्लॅश आणून दिला. नानांनी त्यांना चहा पाजून तो परत केला. वेल्डिंगच्या झगमगाटानं डोळे सुजलेली माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. "उजेड तोंडावर मारायचा न्हाई. शेजारी बसवायचा," हे त्यांचं पालुपद. मग बॅटरीला रुमाल बांधून झाला. दोरीवर चादर टाकून झाली. ती वाऱ्यानं फडफडली आणि नाचण गायब झाली. आरसा लावला, तर नाचणीला त्यात दुसरी नाचण दिसली आणि ती चोचीनं तुटून पडली. नानांनी धावत जाऊन आरसा पालथा घातला. "फुकटची भांडणं लावली राव मी," म्हणाले, आणि त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

बाहेर उजेडासाठी असा जीव टाकणाऱ्या माणसाच्या घरात मात्र भर दुपारी संध्याकाळ असायची. जाड पडदे, आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड केलेला एक मंद दिवा. मला आधी वाटलं, कंजूष आहेत. मग कळलं, माईंच्या डोळ्यांना उजेड टोचतो. दुखणं जुनं. नजर हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. भिंतीवर माईंच्या साठीचा फोटो होता. त्यासाठी निगडीहून फोटोवाला आणला होता. त्याचा फ्लॅश उडाला, आणि माई डोळे गच्च मिटून तोंड वळवून बसल्या, तो फोटो तसाच चौकटीत लावलेला. दुसरा नव्हताच. कॅमेरा घरात आला तो त्यानंतर.

शेवटी टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल कामी आला. तो चमकत नाही, त्यावरचा उजेड नुसता पसरतो. एका सकाळी नानांनी मला हाक मारली. फोटोत नाचणीचा डोळा मिरीसारखा काळा, आणि त्यात ठिपका. मला वाटलं, आता पेढे वाटतील. त्यांनी अंगावरची माती झटकली, थर्माकोल काखेत मारला आणि सरळ घरात निघाले.

"पाखराला डोळं उघड म्हनून सांगता येत न्हाई," ते दारात थांबून म्हणाले. "त्येला चाललं, तर हिलाबी चालंल."

माईंना खिडकीकडे पाठ करून खाटेवर बसवलं. पडदा चार बोटं सरकवला. थर्माकोल मी धरला होता. चुकून टोचला तर काय, म्हणून अगदी हळूहळू वळवला. उजेड माईंच्या गालावर आला, दुधाच्या सायीसारखा मऊ. त्यांनी पापण्या उघडल्या. नाना कॅमेऱ्यामागे श्वास रोखून उभे होते.

"तुमी कुटं हाय?" माई म्हणाल्या. "ते डबडं खाली घ्या की. उजेडात बगितलंच न्हाई तुमाला कधीपास्नं."

नानांनी कॅमेरा खाली घेतला. मग माझ्या हातातला थर्माकोल खुर्चीला टेकवला, कॅमेरा माझ्या गळ्यात घातला आणि जाऊन माईंच्या शेजारी बसले. एवढी महागाची वस्तू मी कधी हातात धरली नव्हती. माई त्यांच्याकडे वळल्या. मी बटण दाबलं.

"ठिपका आला का?" नानांनी विचारलं.

मी पाहिलं. फोटो वाकडा, नानांचा एक कान कापलेला. माईंचे डोळे उघडे होते, नानांकडे लागलेले, आणि त्यात ठिपका होता. नानांचे डोळे मात्र गच्च मिटलेले.

"आला," मी म्हटलं, "पण तुमचे डोळे मिटलेत, दुसरा काढू का?"

"नगं," नाना जागचे न हलता हळूच म्हणाले. "अजून बगतीया ती."