पाकोळ्यांच्या गुहेवरील स्वारीची हकीकत

श्री. चित्त देऊन ऐकिजे. दक्षिण समुद्रातील दूर बेटावर जी मोहीम उस्मानपुऱ्याचे राजमान्य राजश्री नानासाहेब, निवृत्त अधीक्षक, यांणी काढिली, तैसी मोहीम यादव गेले, सुलतान गेले, निजाम गेला, कोणाचेही हातून जाहली नाही. कारण त्यांस साडू नव्हता. असला तरी तो अंदमानास जाऊन आला नव्हता.

नानासाहेबांस साडू होता. शेंद्र्याचे राजकुमारराव, कारखान्यात सुपरवायझर, मेव्हणी सुलेखाबाई यांचे यजमान. हे मागील साली अंदमानाकडील एका बेटावर जाऊन आले आणि तेथील गुहेत पाकोळ्या पक्षी राहतात, त्या आपले थुंकीने घरटी बांधितात, ऐसा मजकूर फोनमधील तसबिरीसह प्रत्येक बारशात व लग्नात पंगतीस दाखवू लागले. नानासाहेब म्हणाले, थुंकी आमचे शहरीही मुबलक, परंतु बांधकाम कधी पाहिले नाही. तेव्हा राजकुमाररावांनी भर पंगतीत फर्माविले, "साडूभाऊ, तुमी आपलं वेरूळच करा. बेटाचं काम लई अवघड असतंय." पंगत हसली. रत्नमालाबाई, खासे कुटुंब, याही हसल्या. नानासाहेबांनी पानातील जिलबी तैसीच टाकिली आणि मनी प्रतिज्ञा केली की, मेव्हण्याची कन्या मेघा इच्या साखरपुड्यापूर्वी ती पाकोळी घरट्यासह स्वनेत्रे पाहीन, न पाहिली तर सासुरवाडीस तोंड दाखविणार नाही.

मग तयारी जाहली. दुर्बीण खरीद करोन गच्चीवर सराव मांडिला, तो पारवे आणि शेजारणीचे वाळत घातलेले सांडगे इतकेच नजरेत आले, आणि शेजारणीने सांडगे उचलून आत नेले. रत्नमालाबाईंनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी यांची रसद बांधिली. कन्या सायली, वनस्पतिशास्त्र शिकते, ती कॅमेऱ्यासह कुमकेस निघाली. मग हैदराबादेहून विमानाने अंदमान, तेथोन जहाज, तेथोन होडी, ऐसे मजल दरमजल करीत खाशी स्वारी बेटास लागली. जहाजात नानासाहेबांस जे जाहले ते लिहिण्याजोगे नाही; समुद्रास ठाऊक आहे.

होडीत पुण्याची काही मंडळी होती. त्यांस नानासाहेबांनी वाटेत लेण्यांविषयी बहुत उपदेश केला की, आम्ही लेण्यांचे गावचे, गुहेचे आम्हास काय नवल. नावाडियाने हुकूम सांगितला तो ऐसा : ओहोटी आहे तोवर गुहेत जावे, पाणी चढू लागताच होडी सुटेल, मागाहून कोणाची दाद नाही. चपला आणि सामान बाहेर ठेवावे, आत निसरडे आहे.

येथे आमचे शहरची चाल सांगणे प्राप्त. पाहुणा आला की त्यास दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ दाखविणे हा आमचा धर्म. पाहुणा आत जातो. यजमान पूर्वीच इतके वेळा जाऊन आलेला, सबब तो बाहेर झाडाखाली चपला, पिशव्या, थर्मास राखीत बसतो. कोणत्या झाडाची सावली कोणत्या प्रहरी कोठे सरकते हे आम्हास पाठ. झाडाचे नाव मात्र पुसू नये. हे लिहिणारही त्याच झाडाखालचा.

तो गुहेचे तोंड दिसले, आणि मंडळींनी चपला काढिल्या, आणि नानासाहेबांचे मुखातून जन्मभराचे सवयीने शब्द निघाले : "तुम्ही या बघून. मी हाय इथं सामानापाशी."

पुणेकर धन्य धन्य म्हणाले आणि आपले सर्व सामान त्यांचे पायाशी रचोन आत गेले. रत्नमालाबाई गेल्या, सायली गेली, नावाडीही गेला. शेवटची पाठ अंधारात दिसेनाशी जाहली तेव्हा नानासाहेबांस उमजले की, येथे आपण यजमान नव्हों, पाहुणे आहों. परंतु परक्याची अमानत टाकोन जावे तर इमानास बट्टा. मग रुंद पानांच्या एका वृक्षाखाली, ऐसा वृक्ष आपले मुलखी नाही ऐसे कौतुक करीत, फोनात त्याची तसबीर घेऊन, ठाणे देऊन बसले.

इतक्यात वाळूतून शत्रू उठला. परक्या शंखात बिऱ्हाड करणारे खेकडे धपाट्यांच्या वासाने चालोन आले. नानासाहेबांनी टोपीने मारगिरी केली. मागे फिरवावे एक, तो पुढे दुसरा. त्यांत जांभळ्या नांगीचा एक सरदार बहुत दांडगा. तो एका रिकाम्या शंखापाशी थांबला, त्याने आत नांगी घालोन घर तपासिले, मग इकडे तिकडे पाहोन उघडा निघाला आणि क्षणात नव्या घरात शिरला. त्याचे जुने घर लागलीच धाकट्याने बळकाविले. उस्मानपुऱ्यात भाडेकरू इतके सुखाने निघत नाहीत. नानासाहेब टोपी हाती धरोन थक्क राहिले. धपाटे गेले, भान राहिले नाही.

मग मंडळी बाहेर आली. रत्नमालाबाई पुसत्या जाहल्या, "अहो, पाहिल्या का? सगळ्या पाकोळ्या तुमच्या डोक्यावरनंच बाहेर गेल्या की!"

"मी खाली बघत होतो," नानासाहेब म्हणाले, आणि आत जाऊ लागले, तो पाणी घोट्यास लागले आणि नावाडियाने हाक दिली.

साखरपुड्याचा दिवस आला. प्रतिज्ञा राहिली बाजूस, रत्नमालाबाईंचे हुकुमाने जाणे प्राप्त जाहले. सायली म्हणाली, बाबा, माझे फोटो दाखवा, कोण विचारतंय. नानासाहेबांनी ते मानिले नाही. न पाहिले ते पाहिले म्हणणे प्रतिज्ञेत नव्हते. पंगत बसली आणि राजकुमाररावांनी तोफ डागिली, "काय साडूभाऊ, गेल्ते का आत? का वेरूळसारखं बाहीरच?"

नानासाहेब म्हणाले, "बाहीरच." पंगत हसावयास तोंड उघडते तो त्यांनी खेकड्याची हकीकत मांडिली, शंख कैसा तपासिला, उघडा कैसा निघाला, आणि पंगत जिलबी हाती धरोन ऐकत राहिली. राजकुमारराव मात्र पुढे सरकले आणि त्यांचे मुखातून निघोन गेले, "जांभळ्या नांगीचा ना? त्या रुंद पानाच्या झाडाखालचा? लई दांडगा हाय त्यो, माझी खारी खाल्ली त्यानं."

मग सुलेखाबाई वदल्या, "म्हंजे आता समद्यांला कळलंच. फोटो मीच काढले व्हते. ह्ये बसले व्हते चपलापाशी."

साडूंनी साडूस आपले पानातील जिलबी वाढिली आणि उभयतांत तह जाहला. येणेप्रमाणे पाकोळ्यांच्या गुहेची मोहीम, गुहा न पाहता, फत्ते जाहली, आणि त्या दुर्मीळ द्वीपवृक्षाची तसबीर मोठी करोन दिवाणखान्यात लावावी ऐसे नानासाहेबांनी ठरविले.

सायलीने तसबीर पाहिली. झाड देशी बदामाचे होते. तेच उस्मानपुऱ्यात त्यांचे फाटकाशी उभे आहे, आणि त्याची पाने रत्नमालाबाई रोज सकाळी झाडतात.